छोट्या कर्जाचा मोठा प्रश्न

शहरातील झोपडपट्टीत वा दुष्काळी तालुक्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला अलीकडे एक गोष्ट जागोजाग दिसते. मोर्चाची हाक दिली तर ज्या बायकांना घराबाहेर पडण्यास सवड नसते, त्याच बायका हप्त्याच्या दिवशी ठरल्या वेळी, ठरल्या ओट्यावर, हाती पुस्तिका घेऊन हजर असतात. शिवणयंत्र, मसाल्याचे कांडपयंत्र, भाजीची हातगाडी, चार शेळ्या अशा लहानसहान धंद्यांसाठी काही हजारांचे कर्ज आणि त्याच्या जोडीला हिशेब, मालाची पारख, गिऱ्हाइकाशी व्यवहार यांचे चार-आठ दिवसांचे शिक्षण देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात ठिकठिकाणी उभ्या आहेत. त्यांपैकी काही खरोखरच ना नफा तत्त्वावर चालतात. काहींनी तशी सुरुवात करून पुढे कंपनीचे रूप घेतले. काही पहिल्यापासून कंपन्याच आहेत. कर्ज घेणाऱ्या बाईच्या हाती पडणारी पुस्तिका मात्र तिन्हींची सारखीच दिसते.

या कामाकडे पाहण्याच्या दोन रीती पुरोगामी वर्तुळात रूढ आहेत. एक पक्ष म्हणतो, ही सारी भांडवलशाहीची मलमपट्टी आहे. गरिबाला लढ्यापासून दूर नेऊन त्याच्या डोळ्यांपुढे धनिक होण्याचे स्वप्न नाचविण्याचा हा डाव आहे. दुसरा पक्ष संस्थेच्या वार्षिक समारंभाला जातो, दोन शब्द कौतुकाचे बोलतो आणि परत येतो. पहिल्याला बाईची निकड दिसत नाही, दुसऱ्याला व्यवस्थेचे स्वरूप दिसत नाही. दोघांनाही चौकशीचे कष्ट वाचतात, हा या दोन्ही भूमिकांचा समान लाभ होय. परंतु ज्या चळवळीला कष्टकऱ्यांत काम करावयाचे आहे, तिला हे कष्ट चुकविता येणार नाहीत. छोटे कर्ज केव्हा माणसाला उभे करते आणि केव्हा त्याला वाकविते, याचा छडा अनुभवाच्या आधारानेच लावावयास हवा. आणि असा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी भरपूर आहे.

पत कोणाला होती?

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. सावकारांच्या घरातील कर्जरोखे हुडकून जाळणे हा त्या उठावाचा मुख्य कार्यक्रम होता. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराला पर्याय म्हणून सहकार, ही कल्पना महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात तेव्हापासून रुजली. तथापि अर्ध्या शतकानंतर, १९५१-५२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास, तर सावकारांचा सत्तरच्या घरात असल्याचे आढळले. गोरवाला समितीने १९५४ मध्ये हे आकडे देशापुढे मांडले.

पुढे सहकार वाढला. पण त्याची पत जमिनीवर उभी होती. सातबाऱ्यावर नाव असेल त्याला सोसायटीचे दार उघडे. ज्याच्या नावावर काहीच नाही, म्हणजे भूमिहीन मजूर, फेरीवाला, कारागीर आणि या सर्वांच्या घरातील बाई, ते या दाराबाहेरच राहिले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये अत्यंत गरीब कर्जदारांसाठी वर्षाला ४ टक्के व्याजाची योजना आली, तेव्हा प्रथमच असे म्हणता येऊ लागले की, बँकेच्या पैशावर यांचाही हक्क आहे. हक्क कागदावर आला. परंतु बँकेची पायरी चढण्याचे धैर्य आणि अर्ज भरण्याचे कसब कागदाबरोबर येत नसते. मधला हा पूल बांधण्याचे काम संस्थांनी आणि संघटनांनी केले. म्हणून त्यांची परीक्षा करताना आधी त्यांचे श्रेय मान्य करावयास हवे.

खानावळवालीचा हिशेब

या कामाचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या गिरणगावातील आहे. घर गावी ठेवून आलेला गिरणीकामगार चाळीच्या खोलीत दहा-पंधरा जणांसह राही आणि शेजारच्या बाईच्या खानावळीत दोन वेळा जेवी. पैसे पगार झाल्यावर महिन्याने देई. खानावळवाली मात्र धान्य, तेल, रॉकेल रोज आणी. वाण्याकडे उधारी ठेवी, आणि उधारी थकली की दागिना वा भांडी गहाण टाकून सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचली. बारकाईने पाहिले तर ही बाई कर्जदार तर होतीच, पण ती धनकोही होती. कामगाराच्या महिन्याभराच्या अन्नाचे कर्ज ती देत होती आणि त्याचे व्याज स्वतः भरत होती. गिरणीमालक पगार महिन्याच्या शेवटी देई. त्या उशिराची किंमत चुलीपुढे बसलेली बाई मोजी. कामगार अर्थशास्त्राच्या ग्रंथांत या बाईला सहसा स्थान नव्हते.

१९७४ च्या संपात गिरण्या ४२ दिवस बंद राहिल्या. पगार नसलेल्या कामगारांना या बायकांनी उधारीवर जेवू घातले. संप टिकला त्यात त्यांच्या चुलींचा वाटा होता. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून घडलेल्या प्रेमा पुरव यांच्या ते ध्यानी आले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. बायकांचे गट करून, गटाने परस्परांची हमी घेऊन, तारणावाचून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. सावकाराच्या जागी बँक आली. पण मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. स्वयंपाकाचे सामूहिक काम, धंद्याचे शिक्षण, घरात मार खाणाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहणे, असा कामाचा विस्तार होत गेला. कर्ज हे त्या संघटनेचे प्रवेशद्वार होते. आतले घर त्याहून मोठे होते.

आता या कथेचा उत्तरार्ध पाहावा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला. असंख्य कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जेथे सांचे होते तेथे पुढे मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. ज्या कामगाराच्या पगारावर खानावळ चालत होती तो पगारच नाहीसा झाला. अशा वेळी खानावळवालीला कितीही स्वस्त कर्ज दिले, हिशेबाचे कितीही उत्तम शिक्षण दिले, तरी जेवणारे कोठून आणावयाचे? गरिबांचे बहुतेक लहान धंदे गरिबांच्याच खरेदीवर चालतात. चहाची टपरी, भाजीची गाडी, वस्तीतले शिवणकाम यांचे गिऱ्हाईक मजूरच असतो. मजुरी पडली की हे सारे धंदे एकदम पडतात. तेव्हा मजुरीचा लढा आणि छोट्या धंद्याचे हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानणे ही मोठीच गल्लत होय. छोट्या कर्जाच्या प्रचारकांना तिची जाणीव नसते आणि कामगार चळवळीलाही ती पुरेशी नव्हती.

संघटना आधी की बँक आधी?

अहमदाबादेत हाच प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. कापडाच्या गाठी वाहणाऱ्या, जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या स्त्रियांची संघटना इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' या नावाने नोंदविण्यास नेली, तेव्हा मजूर खात्याने हरकत घेतली: यांना मालक नाही, मग ही कामगार संघटना कशी? संघटनेने उत्तर दिले की, संघटना मालकाविरुद्ध असते त्याआधी ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भाग भांडवल घालून आपली सहकारी बँक उभी केली. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी संघटना, मग बँक. कर्ज देणारी आणि कर्ज घेणारी एकच. व्याज किती असावे हे ठरविणाऱ्या सभेत ते भरणारीला मत आहे. शिवाय पोलिसाने टोपली उधळली किंवा नगरपालिकेने गाडी उचलली तर धावून जाणारी संघटना तीच.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेतला. जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या चेतना सिन्हा यांनी तेथे म्हसवडला स्त्रियांची सहकारी बँक उभारावयाचे ठरविले, त्याला एका लोहारकाम करणाऱ्या बाईची मागणी निमित्त झाली. उघड्यावर संसार असलेल्या त्या बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालण्यास प्लॅस्टिकचा कागद घ्यावयाचा होता आणि त्यासाठी रोजचे चार पैसे साठवावयाचे होते. कोणतीही बँक तिचे खाते उघडीना. म्हणजे तिची पहिली मागणी कर्जाची नव्हती. पोटाला चिमटा घेऊन वाचविलेला पैसा सुरक्षित राहावा, एवढेच तिचे मागणे होते. बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून नामंजूर झाला. त्या स्त्रिया अक्षरे गिरवावयास बसल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखविण्याची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे दर्शविली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या जोडीच्या प्रतिष्ठानाने पुढे ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशिक्षणाचे वर्ग, गावोगाव फिरणाऱ्या बसमधील शाळा असे उपक्रम चालविले. २०१२-१३ च्या दुष्काळात याच मंडळींनी म्हसवडला जनावरांची छावणी चालविली. हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. ज्या गायीवर वा शेळीवर कर्ज दिले ती चाऱ्यावाचून मरत असताना हप्ता मागत राहणे ही सावकारी. ती जगविण्यासाठी छावणी घालणे हे सहकार्य. धनको आणि सोबती यांतील अंतर अशा प्रसंगीच दिसते.

ना नफा ते नफा

याच काळात दुसरी एक वाट फुटली होती. बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावी ४२ जणांना मिळून २७ डॉलरच्या आसपास रक्कम देऊन प्रयोग सुरू केला. १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली. २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. गरीब बाई कर्ज बुडवीत नाही, ही गोष्ट जगाला पटली. ती पटताच ज्यांना पटावयास नको होती त्यांनाही पटली. गरिबांना कर्ज देणे हा सुरक्षित आणि किफायतशीर धंदा आहे, असे भांडवल बाजाराच्या ध्यानी आले.

परिणाम आंध्र प्रदेशात दिसला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ना नफा संस्था म्हणून सुरू झालेली एसकेएस पुढे कंपनी झाली आणि २०१० च्या उन्हाळ्यानंतर तिने भागविक्री करून सुमारे १६०० कोटी रुपये उभारले. त्याच वर्षी त्या राज्यात एकेका घरावर तीन-तीन, चार-चार संस्थांची कर्जे असल्याचे, वसुलीच्या जाचाचे आणि त्यातून झालेल्या आत्महत्यांचे प्रकरण गाजले. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून वसुलीवर निर्बंध आणले. मालेगाम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये व्याजावर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. पुढे २०२२ च्या नियमांनी व्याजदरावरील बंधन काढून टाकले. घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, एवढी अट ठेवली. ज्या घरात निम्मे उत्पन्न हप्त्यात जाईल त्या घराने उरलेल्या निम्म्यात खावयाचे काय, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नाही. २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जाचक वसुलीविरुद्ध पुन्हा वटहुकूम काढावा लागला. पंधरा वर्षांत गाडे फिरून त्याच ठिकाणी आले.

येथे समूहहमीचे रूप कसे पालटले ते पाहणे बोधप्रद ठरेल. गिरणगावात गटाची हमी म्हणजे तारण नसलेल्या बायकांनी एकमेकींना दिलेले तारण होते. कंपनीच्या हाती तीच हमी वसुलीचे हत्यार बनली. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना उठू द्यावयाचे नाही. मग शेजारणीच शेजारणीच्या दारात जाऊन भांडतात आणि वसुली कारकुनाला आवाजही चढवावा लागत नाही. बंधुभावाची रचना पहाऱ्याची रचना झाली. नियम तोच, हमीपत्र तेच. मालकी बदलली, एवढाच फरक. परंतु सारा फरक त्यातच आहे.

व्याजाचाही हिशेब एकदा उघडपणे मांडावयास हवा, कारण कार्यकर्तेही त्यात फसतात. समजा, एका बाईने १२,००० रुपये घेतले. वर्षाला १२ टक्के व्याज, फेड ५२ आठवड्यांत. व्याज सरळ १,४४० रुपये धरले जाते आणि आठवड्याचा हप्ता २५८ रुपयांच्या आसपास बसतो. ऐकण्यास हे सोसायटीच्या व्याजासारखे वाटते. वस्तुतः पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जाऊ लागते आणि वर्षभरात सरासरीने निम्मीच रक्कम तिच्या हाती राहते. व्याज मात्र पूर्ण रकमेवर. शिल्लक राहणाऱ्या मुद्दलावर मोजले तर हाच दर साडेबावीस टक्क्यांच्या वर जातो. त्यात कर्ज मंजुरीचा आकार आणि विम्याचा हप्ता मिळविला की तो आणखी चढतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खरा वार्षिक दर कर्जदाराला लेखी कळवावा लागतो. तो कागद वाचून दाखविणारा माणूस वस्तीत आहे काय, एवढाच प्रश्न उरतो. हे काम कार्यकर्त्याने करण्यासारखे नव्हे काय?

'उद्योजक' म्हणजे कोण?

या क्षेत्रात एक शब्द फार प्रतिष्ठेने वावरतो: उद्योजक. घरी बसून ठेकेदाराच्या कापडाला काजे-बटणे करणारी बाई कालपर्यंत कामगार होती. तिला किमान वेतन मिळत नाही याबद्दल कोणाला तरी जाब विचारता येत होता. तिला शिवणयंत्रासाठी कर्ज देऊन उद्योजक म्हटले की जाब विचारावयास कोणी उरतच नाही. काम मिळाले नाही, यंत्र बिघडले, मूल आजारी पडले, या सर्व जोखमी आता तिच्या एकटीच्या. नफ्याचा मान तिला दिला जातो आणि तोट्याचा भार तिच्यावर टाकला जातो. काम देणारा ठेकेदार मात्र पूर्वीच्याच दराने काम घेत राहतो. शब्द बदलून नाते बदलत नाही, परंतु नाते झाकले जाते.

प्रशिक्षणाची कसोटीही येथेच लागते. चांगले प्रशिक्षण बाईला तिच्या स्वतःच्या श्रमाची किंमत हिशेबात धरण्यास शिकविते. पापडाच्या डाळीचा, तेलाचा, मिठाचा खर्च ती धरते; पहाटे चारपासून लाटलेल्या पापडांमागील सहा तासांचा खर्च धरीत नाही, कारण घरातील श्रमाला किंमत नसते असे तिला जन्मभर शिकविलेले असते. तो खर्च धरला की अनेक धंदे तोट्याचे असल्याचे तिच्या ध्यानात येते. ही जाणीव फार मोलाची आहे. कारण तिच्यापुढची पायरी दर वाढवून मागण्याची आहे, आणि दर एकटीने वाढवून मिळत नाही.

याचा दाखला मुंबईतच सापडतो. १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली आणि आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया तिच्या सभासद आहेत. उधारीचा आकडा आणि आजचा विस्तार यांचीच तुलना बहुधा सांगितली जाते. खरे मर्म निराळे आहे. त्या सात जणींनी सात धंदे काढले नाहीत; एकच काढला. डाळीची खरेदी, मालाचे नाव, विक्री सामाईक राहिली आणि बाहेरच्या कोणालाही भागीदार न करता काम करणाऱ्याच मालक राहिल्या. त्याच सात जणी सात कर्जे घेऊन सात ओट्यांवर बसल्या असत्या, तर शेजारणीपेक्षा दोन पैसे स्वस्त देण्याच्या चढाओढीत सातही जणी संपल्या असत्या. एका वस्तीत वीस बायकांना शिवणयंत्रे वाटणाऱ्या संस्थांनी या गोष्टीचा विचार करावा.

भारतासह सहा देशांत छोट्या कर्जांच्या परिणामांचे काळजीपूर्वक अभ्यास झाले आणि ते २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या वस्त्यांचा अभ्यास त्यांतच होता. निष्कर्ष थोडक्यात असा की, कर्जाने धंद्याला काहीसा हात मिळतो, खर्चाची ओढाताण सावरण्यास मदत होते, परंतु कुटुंबाचे उत्पन्न सरसकट वाढून दारिद्र्य हटले असे कोठेही आढळले नाही. यावरून छोटे कर्ज निरुपयोगी ठरत नाही. सावकाराच्या तावडीतून सुटणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र दारिद्र्यनिर्मूलनाचा कार्यक्रम म्हणून त्याचा जो डंका पिटला जातो, त्याला आधार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचे काम मोठ्या प्रमाणावर उभे केले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला, तेव्हा काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी मानली गेली. 'काम मागू नका, कर्ज घ्या आणि दुसऱ्यांना काम द्या' हा आजचा उपदेश त्या जबाबदारीतून सुटका करून घेण्याचा सोयीस्कर मार्ग आहे. २०१५ ची मुद्रा योजना असो की २०२० ची फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी योजना असो, सार्वजनिक बँकांतून मिळणारे असे कर्ज स्वागतार्हच आहे. पण ते हमीच्या जागी आणून बसविता येणार नाही.

कार्यकर्त्याने काय करावे?

एखादी संस्था वस्तीत आली की तिला चार प्रश्न विचारावेत. शिल्लक मुद्दलावर व्याजाचा खरा दर किती? हप्ता चुकला, घरात मृत्यू झाला, पूर आला, तर काय करता? दर आणि नियम ठरविणाऱ्या मंडळात कर्ज घेणाऱ्या स्त्रियांना किती जागा आहेत? आणि प्रशिक्षण संपल्यावर माल कोठे विकावयाचा, याची काय तजवीज? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या संस्थेला चळवळीने मित्र मानावे, तिच्या वर्गांना बायका पाठवाव्यात, तिच्या कामात हात घालावा. उत्तरे टाळणाऱ्या संस्थेच्या पाटीवर 'ना नफा' लिहिले असले, तरी तिच्यावर नजर ठेवावी.

परंतु प्रश्न विचारून काम संपत नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने प्रत्येक शहरात फेरीवाला समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. गाडीसाठी कर्ज मिळाले आणि ती उभी करावयास जागा मिळाली नाही, तर ते कर्ज फासच ठरते. जागा कर्ज देणारी संस्था देऊ शकत नाही. ती या समितीत भांडून मिळवावी लागते. घरकाम करणाऱ्या कारागीर स्त्रियांच्या कामाचे दर ठेकेदाराकडून ठरवून घेणे, वस्तीत पाळणाघर उघडावयास लावणे, सरकारी दवाखाना चालता ठेवणे ही कामेही तशीच. आजारपण हे गरिबाच्या कर्जबाजारीपणाचे एक मोठे कारण आहे. दवाखाना नीट चालला तर धंद्यासाठी घेतलेला पैसा धंद्यातच राहील.

हप्त्याच्या दिवशी त्या ओट्यावर पंधरा-वीस स्त्रिया दर आठवड्याला न चुकता एकत्र येतात. कोणत्याही पक्षाच्या शाखेला इतकी नियमित बैठक घेता येत नाही. आज त्या बैठकीत फक्त पैसे मोजले जातात आणि सह्या होतात. तीच बैठक व्याजाचा दर तपासणारी, शिधापत्रिकेची, पाण्याची आणि मजुरीच्या दराची चर्चा करणारी सभा होऊ शकते, हे गिरणगावाने, अहमदाबादने आणि म्हसवडने दाखवून दिले आहे. तसे व्हावयाचे तर कार्यकर्त्याला प्रथम त्या ओट्यावर जाऊन बसावे लागेल, पुस्तिका वाचावी लागेल, बायकांचे ऐकावे लागेल. ते काम बिनगाजावाजाचे आणि चिकाटीचे आहे. ते समाजवाद्यांनी केले नाही, तर वसुली कारकून ते आपल्या पद्धतीने करीतच आहे.